टेरेस्ड घर, लाल रेघ आणि एक सामाईक भिंत

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तोंडात आलेले 'म्हणजे' आणि 'काय झालं की' मी थोडे गाळलेत, सगळे नाही.

आजचा विषय इतिहासाचा, पण सुरुवात घरगुती आहे. दोन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर २०२३ च्या वसंतात आम्ही लेस्टरमध्ये घर घ्यायचं ठरवलं. सोलापूरला आईला फोन करून सांगितलं, "आई, टेरेस्ड हाउस बघतोय."

आई म्हणाली, "बरं झालं बाबा, गच्ची तरी हाय. पापड वाळवायला जागा झाली."

"गच्ची नाही गं आई."

"मग नाव कशाला ठेवलंय तसलं?"

प्रश्न बरोबर होता. मलाही उत्तर माहीत नव्हतं, म्हणून शोधलं आणि शोधता शोधता हा भाग तयार झाला.

गच्ची नसलेलं टेरेस

लंडनमध्ये १७६८ नंतर ॲडम बंधूंनी थेम्सच्या काठावर एक मोठा प्रकल्प उभा केला. नदीकाठची चिखलाची उतरती जागा कमानी बांधून वर उचलली आणि त्या उंच ओट्यावर एकाला एक चिकटून घरांची देखणी रांग उभी केली. नाव ठेवलं ॲडेल्फी, म्हणजे ग्रीक भाषेत भाऊ. समोरच्या उंच ओट्यावरून ती रांग 'ॲडेल्फी टेरेस' झाली. पुढे ओटा राहिला बाजूला आणि घरांच्या रांगेलाच टेरेस म्हणायची फॅशन पडली. श्रीमंतांची फॅशन शंभर वर्षांत कामगारांच्या वस्तीत पोचली. तिथं ना ओटा होता, ना नदी, राहिली ती फक्त रांग.

तर टेरेस्ड घर म्हणजे रांगेतलं घर. डावीकडची भिंत डावीकडच्या शेजाऱ्याची आणि आपली, उजवीकडची उजवीकडच्याची आणि आपली. आईला मी शेवटी सांगितलं, "आपल्या गिरणीच्या चाळीसारखंच आहे, फक्त प्रत्येकाला आपापला जिना आणि मागं आपापलं परसदार." आमचे आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत होते. आईला लगेच समजलं. म्हणाली, "म्हंजे शेजारी भांडले की सगळं ऐकू येणार."

येतं. अगदी सगळं.

नकाशावरची लाल रेघ

आता खरी गोष्ट सांगतो, थोडी लाजेची आहे. घर शोधायला सुरुवात करताना मी ऑफिसच्या प्रिंटरवर लेस्टरचा नकाशा छापला आणि लाल पेन घेऊन बसलो. ओळखीच्या चारपाच मराठी मंडळींना विचारलं, कुठं घ्यावं? उत्तरं पटापट आली. ओडबी चांगलं, शाळा चांगल्या. अमुक ठीक. आणि पूर्वेकडचा भाग, म्हणजे स्पिनी हिल्स, नॉर्थ एव्हिंग्टन, ग्रीन लेन रोडच्या आजूबाजूचा, तो नको. का नको? "मिक्स आहे." "आपल्यासारखी माणसं नाहीत." "२०२२ ला काय झालं बघितलं ना?"

२०२२ चं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट अखेरीस भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर आणि मग सप्टेंबरमध्ये पूर्व लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांच्या गटांमध्ये तणाव पेटला. घोळके रस्त्यावर आले, दगड-बाटल्या फेकल्या गेल्या, बऱ्याच जणांना अटक झाली. अफवा तर भारतापर्यंत आणि तिथून परत इथपर्यंत फिरल्या. आम्ही तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होतो आणि टीव्हीवर बघत होतो.

त्यामुळं मी नकाशावर त्या भागाभोवती लाल रेघ मारली. मनात काही विशेष विचार नव्हता. सगळे सांगतात, आपल्याला काय.

मग काय झालं? बजेट झालं! रेघेच्या बाहेरची घरं आमच्या आवाक्याबाहेरची निघाली आणि तीन महिन्यांनी आम्ही रेघेच्या आत, नॉर्थ एव्हिंग्टनमधल्या एका विक्टोरियन टेरेससमोर उभे होतो. घर १८९० च्या दशकातलं. पुढं छोटी बे विंडो, आत दोन खोल्या, मागं निघालेलं स्वयंपाकघर, वर दोन-अडीच खोल्या. दोन घरांच्या मधून परसदारी जायला एक अंधारा बोळ. बायको म्हणाली, "मला आवडलं." मी म्हणालो, "मला बघू दे."

मी बघतो म्हणजे वाचतो. आणि वाचायला लागल्यावर कळलं की या भागाभोवती लाल रेघ मारणारा मी पहिला नव्हे.

हे घर असंच का बांधलं?

आधी घराचं बघू. १८०१ साली लेस्टरची लोकसंख्या होती सुमारे १७ हजार. १९०१ साली ती दोन लाखांच्या वर गेली. मोजे-बनियन विणणारे कारखाने आणि बुटांचे कारखाने, या दोन धंद्यांवर शहर फुगलं. एवढी माणसं ठेवायची कुठं? सुरुवातीला हवा नाही, संडास नाही, एकाच्या पाठीला दुसरं घर, असल्या कोंदट वस्त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर रोगराई.

त्यावर उत्तर म्हणून १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आला. त्याच्या पाठोपाठ १८७७ साली सरकारनं नमुना नियम काढले आणि बहुतेक नगरपालिकांनी त्यांच्या धर्तीवर आपापले नियम केले. नवा मोठा रस्ता किमान ३६ फूट रुंद हवा. प्रत्येक घराच्या मागं किमान १५० चौरस फूट मोकळी जागा हवी. भिंतींची जाडी किती, खिडक्या केवढ्या, सांडपाणी कुठं, सगळं ठरलं. उत्तर इंग्लंडपासून मिडलंड्सपर्यंत सगळीकडं एकसारखे रस्ते दिसतात, त्याचं कारण हे. ते डिझाइन कुणा कलाकाराचं नाही, ते नियमपुस्तकाचं आहे.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते पाडा, हवा-उजेड आत येऊ द्या, हीच विक्टोरियन विचारसरणी. आज आपण दादर-माटुंग्याच्या सरळ रस्त्यांचं कौतुक करतो ना, त्याचा एक धागा इथपर्यंत येतो.

नॉर्थ एव्हिंग्टन वसवण्यात मोठा वाटा आर्थर वेकर्लीचा. हा वास्तुविशारद, जमिनी विकसित करणारा आणि १८९७ साली शहराचा मेयर झालेला माणूस. त्याची कल्पना साधी होती: कारखाने, बाजारचौक आणि कामगारांची घरं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. भोंगा झाला की पाच मिनिटांत कामावर. जवळचं स्पिनी हिल पार्क त्याच्या थोडं आधी, १८८० च्या दशकात लोकांसाठी खुलं झालं होतं.

सामान कुठून आलं? विटा जवळच्या मातीच्या. छपराची पाटी मात्र रेल्वेनं वेल्सहून आली. लेस्टरजवळ स्विदलंडच्या खाणीत जाड पाटीचा दगड निघायचा, पण वेल्सची पाटी पातळ, हलकी आणि रेल्वेमुळं स्वस्त पडायची. भिंत एका विटेची, म्हणजे नऊ इंच जाड आणि भरीव. मधे पोकळी नाही. विटा जोडल्या चुन्यानं, सिमेंटनं नव्हे. हा चुना लक्षात ठेवा, तो पुढं लागणार आहे.

घर कुणाचं होतं?

आमच्या सॉलिसिटर बाईंनी एक दिवस सांगितलं, "विकणाऱ्यांकडं जुन्या कागदांचं एक गाठोडं आहे. कायद्यानं आता त्याची गरज नाही, हवं असेल तर घ्या." १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक भागात खरेदी-विक्री झाली की सरकारी नोंदणी सक्तीची आहे. मालकी नोंदवहीवरून ठरते, त्यामुळं जुनी खरेदीखतं अडगळ झाली आहेत. लोक ती जाळतात, फेकून देतात. कृपा करून फेकू नका.

आमच्या गाठोड्यातला पहिला दस्त १८९० च्या दशकातला. एका बांधकाम करणाऱ्यानं जमिनीचा पट्टा घेतला, आठ घरांची रांग बांधली आणि आठही घरं एका विधवा बाईला विकली. तिनं ती भाड्यानं दिली. हे त्या काळातलं अगदी नेहमीचं चित्र. घरमालक म्हणजे कुणी लॉर्ड नव्हे. किराणा दुकानदार, विधवा, छोटा व्यापारी. पेन्शन नव्हतं, म्हणून म्हातारपणाची सोय भाड्यावर. आणि राहणारे जवळजवळ सगळे भाडेकरू. १९१८ साली इंग्लंड-वेल्समधली ७७ टक्के कुटुंबं भाड्यानं राहत होती.

१९११ ची जनगणना आता कुणालाही बघता येते. आमच्या घरात तेव्हा सात माणसं होती. कुटुंबप्रमुख बुटाच्या कारखान्यात 'क्लिकर', म्हणजे कातड्यातून बुटाचा वरचा भाग कापणारा कारागीर. दोन मुली होजिअरीत. सात माणसं, दोन-अडीच खोल्या वर, संडास परसात. आज आम्ही तिघं राहतो आणि जागा पुरत नाही म्हणतो.

मग पहिलं महायुद्ध आलं. कारखान्यांच्या गावांत भाडी भडकली, ग्लासगोमध्ये बायकांनी भाडेबंदीचा लढा दिला आणि १९१५ साली सरकारनं भाडी गोठवली. तीनच वर्षांनी, १९१८ साली, मुंबईतही तसाच युद्धकालीन भाडे कायदा आला. आपल्याकडं त्यातून पुढं काय झालं ते पागडीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. इथं वेगळं झालं. भाडं वाढवता येत नाही, भाडेकरू काढता येत नाही, दुरुस्तीचा खर्च मात्र वाढतोय. मग मालकांनी हळूहळू घरं विकायला काढली, पुष्कळदा आत राहणाऱ्या भाडेकरूलाच. आमच्या गाठोड्यातला दुसरा मोठा दस्त १९५० च्या दशकातला आहे. आठ घरांच्या रांगेतलं हे एकच घर सुटं होऊन त्यातल्या भाडेकरूच्या नावावर झालेलं. रांग कागदावर पहिल्यांदा तुटली ती तेव्हा.

पाडायचं की ठेवायचं

दुसऱ्या महायुद्धानंतर या घरांना वाईट दिवस आले. आतली न्हाणी नाही, गरम पाणी नाही, भिंतींना ओल. नियोजनकारांना वाटलं, हे सगळं पाडून टाकू आणि नवं बांधू. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून वीस वर्षांत ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त जुनी घरं पाडली गेली. लेस्टरचा व्हार्फ स्ट्रीटचा भाग साफ झाला आणि तिथं सेंट मॅथ्यूज ही कौन्सिलची वसाहत उभी राहिली.

आणि नेमक्या याच काळात परदेशातून माणसं येत होती. कॅरिबियनमधून, पंजाबातून, गुजरातमधून, नंतर केनियातून. त्यांनी राहायचं कुठं? तीन दारं होती. पहिलं, भाड्याचं घर. 'काळ्यांना नको' असं जाहिरातीत उघड छापायला तेव्हा मनाई नव्हती. १९६५ च्या पहिल्या वंशसंबंध कायद्यात घराचा विषयच नव्हता. १९६७ साली पीईपी या संशोधन संस्थेचा अहवाल आला, भेदभाव किती खोलवर आहे ते त्यात दिसलं आणि १९६८ च्या कायद्यात घर आलं.

दुसरं दार कौन्सिलचं. तिथं प्रतीक्षायादी, आणि यादीत यायला त्या शहरात काही वर्षं वास्तव्य हवं. बर्मिंगहॅममध्ये ती अट पाच वर्षांची होती. जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ च्या त्यांच्या पुस्तकात तिथल्या स्पार्कब्रुक भागाचा अभ्यास करून हे दाखवलं: नवा आलेला माणूस या दोन्ही दारांतून परत फिरतो आणि मग त्याच्यापुढं एकच रस्ता उरतो. कुणालाच नको असलेलं जुनं घर विकत घ्यायचं.

म्हणजे बघा. आपण सहज म्हणतो, "ही माणसं आपापल्यात एकत्र राहतात." थोडं खरं आहे. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, ओळखीचं दुकान सगळ्यांनाच हवं असतं. पण त्यांना त्या गल्लीपर्यंत आणून सोडणाऱ्या दारांबद्दल आपण बोलत नाही.

तिसरं दार हे जुनं घर. पण पैसे? इथं बिल्डिंग सोसायट्या येतात, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या संस्था. जुनं घर, परसात संडास, वस्ती 'उतरती', असल्या ठिकाणी त्या कर्ज द्यायला नाखूश असत. १९७० च्या दशकात संशोधकांनी दाखवून दिलं की शहरांचे अख्खेच्या अख्खे भाग कर्जासाठी बाद ठरवले जात होते. अर्जदार कसा आहे, पगार किती, हे बघायच्या आधीच. या पद्धतीला नाव पडलं 'रेड लायनिंग'.

लाल रेघ! वाचलं आणि मी माझ्या टेबलावरच्या नकाशाकडं बघितलं.

कंपालाहून आलेल्या मासी

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडात इदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला सांगितलं. मुदत ९० दिवसांची. त्यांतले सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. सरकारनं पुनर्वसनासाठी मंडळ नेमलं आणि त्या मंडळानं शहरं वाटून टाकली. काही 'हिरवी', जिथं जावं. काही 'लाल', जिथं जाऊ नये. लेस्टर लाल होतं. एवढ्यावर न थांबता लेस्टर कौन्सिलनं सप्टेंबरमध्ये युगांडातल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मतितार्थ असा, की इथं घरं नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्याच भल्यासाठी सांगतो, येऊ नका.

गंमत अशी की ज्यांनी लेस्टरचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांनाही ते या जाहिरातीमुळं कळलं, असं इथले जुने लोक हसत सांगतात. हजारो लोक आले.

आमच्या डावीकडच्या घरात राहणाऱ्या मासी त्यांच्यातल्याच. वय ऐंशीच्या पुढं. गुजराती, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात. घर घ्यायच्या आधी शेजार बघावा म्हणून आम्ही त्यांचं दार वाजवलं होतं, त्यांनी चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. मी विचारलं, "मासी, तुम्हाला तेव्हा कर्ज कुणी दिलं?"

म्हणाल्या, "बेटा, कौन देता? बँकने थोडा दिया, वो भी कम साल के लिए. बाकी हमारी भिशी."

बारा कुटुंबं. प्रत्येकानं दरमहा ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी निघेल त्यानं पैसे उचलायचे आणि घराची सुरुवातीची रक्कम भरायची. मासींचे यजमान दिवसा एका कारखान्यात, त्या रात्रपाळीला दुसऱ्या. जेवणाचा डबा आणि मुलं, दोन्ही दारातल्या दारात एकमेकांच्या हातात द्यायची. जमैकाहून आलेल्या लोकांची अशीच पद्धत होती, तिला ते 'पार्डनर' म्हणत. आपल्या आईच्या, मावशीच्या, ऑफिसातल्या बायकांच्या भिशीसारखीच ही भिशी.

आता एक तपशील सांगतो, जो वाचून मी खुर्चीतून उठलो. इंग्लंडमधली पहिली ज्ञात बिल्डिंग सोसायटी १७७५ साली बर्मिंगहॅममध्ये, 'गोल्डन क्रॉस' नावाच्या खानावळीत सुरू झाली. सुरू करणारा त्या खानावळीचा मालक रिचर्ड केटली. पद्धत काय? सभासदांनी दरमहा वर्गणी टाकायची, त्यातून एकेकाचं घर करायचं. सगळ्यांची घरं झाली की सोसायटी बंद. म्हणजे भिशीच की हो! पुढं 'कायमस्वरूपी' सोसायट्या आल्या, लेस्टर परमनंट १८५३ ची. सभासद नसलेल्यांच्या ठेवी आल्या, नियम आले, मूल्यमापन करणारे आले. त्या संस्था जिथून सुरू झाल्या तो रस्ता दोनशे वर्षांत बँकेसारखा पक्का झाला आणि दाराबाहेर राहिलेल्या माणसांनी तोच रस्ता पुन्हा पहिल्या पावलापासून चालायला घेतला.

त्या काळाचं उगीच गोड चित्र रंगवायला नको. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ईस्ट पार्क रोडवर इम्पीरियल टाइपरायटर्सचा कारखाना होता. १ मे १९७४ रोजी तिथल्या सुमारे ४० आशियाई कामगारांनी काम थांबवलं. बोनसचे निकष आणि असमान वागणूक हे मुद्दे होते. संप पसरला, सुमारे तीन महिने चालला, कामगार संघटनेनंही नीट पाठीशी उभं राहायचं नाकारलं आणि पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. १९७६ च्या नगरपालिका निवडणुकीत नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाला शहरात १८ टक्क्यांच्या वर मतं पडली. मासी म्हणतात, त्या वर्षी त्या संध्याकाळी एकट्या बाहेर पडत नसत.

तरी ते टिकले आणि त्यांच्याबरोबर घरंही टिकली. १९६९ आणि १९७४ च्या गृहनिर्माण कायद्यांनी सरकारी धोरण पाडण्याकडून दुरुस्तीकडं वळलं, आतली न्हाणी आणि संडास करायला अनुदान मिळायला लागलं. पण अनुदान सगळा खर्च देत नसे. उरलेला खर्च आणि मेहनत राहणाऱ्यांची. जी घरं कर्जासाठी बाद होती आणि नकाशावर पाडण्याच्या यादीत जाऊ शकली असती, ती आज विक्टोरियन वैशिष्ट्यं म्हणून जाहिरातीत मिरवतात. ती ज्यांनी राखली, त्यांचं नाव त्या जाहिरातीत नसतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे.

घर बघताना इतिहास कसा उपयोगी पडतो

आता जे कुणी असलं घर घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. जुन्या घरातला जवळजवळ प्रत्येक दोष हा इतिहासाचा एकेक तुकडा असतो.

ओल. आमच्या घरी पुढच्या भिंतीला होती. कारण काय, तर कधीतरी कुणीतरी विटांमधला चुना खरवडून सिमेंट भरलं. चुन्यातून भिंत श्वास घेते, आत गेलेलं पाणी बाहेर पडतं. सिमेंटनं ते अडतं आणि विटेतून आत झिरपतं. रसायन टोचून घेण्याआधी जुन्या घरांची माहिती असलेला गवंडी शोधा.

छप्पर. वेल्सची पाटी काढून अनेकांनी काँक्रीटची कौलं घातली. ती कितीतरी जड असतात. खालची लाकडं पाटीच्या वजनासाठी केलेली. रस्त्याच्या पलीकडून बघा, छपराची रेघ मधे वाकलेली दिसते का.

धुराडं. शेकोट्या गेल्या, गॅस हीटिंग आलं, लोकांनी जागा करायला खालचा धुराड्याचा भाग काढून टाकला. वरचा मात्र तसाच. मग तो कशावर उभा आहे? हा प्रश्न सर्वेक्षकाला नक्की विचारा.

बोळ. कुणाला कुठून जायचा हक्क, कचऱ्याचे डबे कुणाच्या परसातून न्यायचे, बोळाच्या वरची खोली कुणाची, हे दस्तात बघा. रांगेतली भांडणं जमिनीवरून कमी आणि डब्यांवरून जास्त होतात.

आणि माळा. शिडी लावून मी माळ्यावर डोकं काढलं, टॉर्च मारला, आणि उजवीकडं मला शेजाऱ्यांच्या सुटकेसेस दिसल्या! खालच्या मजल्यांवर नऊ इंची भिंत, पण माळ्यावर भिंतच नाही. त्या काळी बऱ्याच रांगांमध्ये बिल्डर पैसे वाचवायला ती वरपर्यंत नेत नसत. आग लागली तर एका घरातून दुसऱ्यात सरळ जाईल. सर्वेक्षकानं अहवालात लिहिलं: माळ्यावर विभाजक भिंत बांधावी.

भिंत

घर आम्ही घेतलं. लाल रेघेचा नकाशा कागदांच्या त्याच गाठोड्यात ठेवलाय, मुद्दाम. पुढच्या माणसाला कळू दे.

राहायला आल्यावर पहिलं काम माळ्यावरच्या भिंतीचं. इथं १९९६ चा सामाईक भिंतीचा कायदा आहे. सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. उजवीकडं राहतात ते चाचा मूळचे मलावीचे गुजराती मुसलमान, निवृत्त बसचालक. २०२२ ला जी गल्ली बातम्यांत होती, तिच्यापासून आमची गल्ली फार लांब नाही. आम्ही हिंदू, नवे, आणि पहिली गोष्ट काय करणार, तर त्यांच्या आणि आमच्या मधे भिंत बांधणार. नोटीस हातात घेऊन मी त्यांच्या दारात पाच मिनिटं नुसता उभा होतो.

चाचांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "भाई, ये दीवार तो मैं तीस साल से बोल रहा हूँ. पहलेवाले मानते ही नहीं थे. आधा खर्चा मेरा." मग आत बोलावलं. मी विचारलं, त्या दिवसांत इथं काय झालं होतं? म्हणाले, मुलं आली, आरडाओरडा झाला, त्यांनी आणि मासींनी आपापल्या दारात खुर्च्या टाकल्या आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. बस. काही मोठं भाषण नाही.

यावरून सगळीकडं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतही काही घरं एकमेकांशी बोलत नाहीत. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये आशियाई ४३.४ टक्के, गोरे ४०.९ टक्के. कुणाचंच बहुमत नसलेलं हे शहर आहे, आणि अशा शहरात रोज थोडी थोडी तडजोड करावी लागते. पण 'मिक्स एरिया' हा शब्द आता मी वापरतो तेव्हा अडखळतो. ते मिश्रण कुठल्या दारांतून, कुठल्या रेघांनी आणि कुणाच्या भिशीनं तयार झालं ते मला आता माहीत आहे.

भिंत नोव्हेंबरात पूर्ण झाली. गवंड्यानं विचारलं, सिमेंट की चुना? चाचा आणि मी एकदमच म्हणालो, चुना. आईला फोटो पाठवला. तिचा उलट फोन आला: "भिंत बरी हाय. पण पापड कुठं वाळवणार ते सांग." मासींनी त्यांच्या मागच्या परसातली दोरी आणि खाट देऊ केली आहे. फक्त ऊन पडायला पाहिजे.

तुमच्या घराचे जुने कागद असतील, वाड्याचे, चाळीचे, पागडीचे, तर एकदा काढून वाचा, आणि त्यात काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.